मानाची मागची बैठक

आमच्याकडे कोणती मोटार घ्यायची, हे शेवटी आईच्या पोटाने ठरवलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कधीच कबूल नव्हतं. "गाडी मी पारखून घेतली," असं ते पुढे येईल त्याला सांगत राहिले, आणि आई आतून चहाचे कप घेऊन येता येता एवढंच म्हणायची, "व्हय, ह्यांनीच पारखली." तिचा तो आवाज ज्याने ऐकला, त्याला पुढचं काही विचारायची गरज पडत नसे.

अण्णांची जालन्याच्या मोंढ्यात अडत होती. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्यबाजार. शेतकऱ्याने माल आणायचा आणि अडत्याने तो व्यापाऱ्याला विकून द्यायचा. या धंद्यातला पहिला धडा म्हणजे वानगी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचे मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरून बघायचे, एखाद-दुसरा दाताखाली फोडायचा आणि मगच तोंड उघडायचं. वरचं वरचं बघून सौदा करणारा अण्णांच्या लेखी माणूसच नव्हे. ते आंबे वानगी चाखून घेत, चहाची पूड वानगी उकळून घेत. आत्या तर सांगायची की आईला बघायला गेले तेव्हा पोट भरल्यावरही त्यांनी अर्धी भाकर मागून घेतली होती. पहिली भाकर चुकून चांगली झाली नसेल ना, याची खात्री करायला.

मोटारीचं वेड मात्र वानगीच्याही आधीचं. निजामाचं राज्य होतं तेव्हा, अण्णांच्या लहानपणी, कुणा जहागीरदाराची लांबलचक गाडी त्यांच्या खेड्यातून धुरळा उडवत गेली होती. तो धुरळा अण्णांच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. लहान गाडी त्यांना चालतच नसे. "बसल्यावर गुडघे हनुवटीला लागले तं ती मोटार कशाची, ती डबी," असं म्हणायचे. गाडी मोठी हवी, ऐसपैस हवी, मागच्या बैठकीवर मांडी घालून बसता आलं पाहिजे. नव्या ॲम्बेसेडरसाठी त्यांनी केव्हाचा नंबर लावून ठेवला होता. त्या काळात ऐपत असली तरी नवी गाडी लगेच मिळत नसे, नंबर लागेपर्यंत वाट बघावी लागे. आमच्याकडे नंबर लागण्याआधीच सीटच्या खोळी कोणत्या रंगाच्या, यावर भांडणं होऊन गेली होती. मी निळ्याच्या बाजूची होते.

आणि आईला गाडी लागायची.

अनेकांना लागते, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण आईला एसटी दुरून दिसली तरी लागायची. स्टँडवरच्या डिझेलच्या वासाने तिला मळमळायला लागायचं आणि तिकीट काढेपर्यंत चेहरा पिवळा पडायचा. शेजारपाजारच्या बायांनी सुचवलेला एकही उपाय आम्ही सोडला नव्हता. लिंबू हुंगून झालं, लवंग दाढेखाली धरून झाली, ओवा झाला, आवळासुपारी झाली. एका बाईने तर पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधायला सांगितली होती. आईने ती बांधली, आणि अंबडच्या अलीकडेच तिला त्या वर्तमानपत्राचा दुसराच उपयोग झाला. मी मॅट्रिक होऊन घरात बसलेली असल्यामुळे तिच्याबरोबर लिंबू आणि टॉवेल घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. मला ते काम बिलकुल आवडत नसे, आणि मी ते लपवतही नसे.

यातली हसण्यासारखी बाजू संपली की जे उरतं ते असं. आईचं माहेर जांब समर्थच्या पुढे, जालन्यापासून सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं एवढंच लांब. पण तिच्यासाठी ते काशीइतकं दूर होतं. तिची आई गेली तेव्हा निरोप वेळेवर आला होता. ती एसटीने निघाली, अंबडच्या स्टँडवर उतरली आणि तिथल्या बाकावर आडवी पडली ती उठूच शकली नाही. उठून पुढची गाडी धरेपर्यंत तिकडे सगळं होऊन गेलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. फक्त त्यानंतर ती एसटीला शिव्या द्यायची बंद झाली, आणि मला ते जास्त वाईट वाटायचं.

आता तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. हा मामा तिने कडेवर वाढवलेला. नवरदेवाच्या पाठीमागे दिवा घेऊन उभी राहते ती करवली, त्याची बहीण. मामाला सख्खी बहीण ही एकच. लग्न उन्हाळ्यात होतं आणि आईने एका वाक्यात सांगून टाकलं, "ह्या टायमाला म्या पोचणारच. बैलगाडीनं जाईन, दोन दिवस लागले तं लागले." बैलगाडीत तिला काही होत नसे, हे खरं होतं.

अण्णांना हे ऐकून केवढा आनंद झाला! वरकरणी ते रागावले. "मोंढ्यात अडत हाये माझी. माझी बायकू दोन दिवस बैलगाडीत धक्के खात जाईन? लोक काय म्हणतील?" पण आतून त्यांना आयतंच निमित्त सापडलं होतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. त्याच सुमाराला नव्या गाडीचा नंबर जवळ आल्याचं कळलं, आणि त्याच आठवड्यात एक दलाल हैदराबादकडची एक जुनी अमेरिकन गाडी घेऊन जालन्यात दाखल झाला. नवी घ्यावी की जुनी, असा पेच पडला. अण्णांनी जाहीर केलं की दोन्हींची वानगी बघू. आणि वानगी बघायची म्हणजे दाताखाली दाणा हवा. तो दाणा म्हणजे आई. ज्या गाडीत आईला लागणार नाही, ती गाडी घ्यायची. "बराबर हाये का न्हाई?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं बराबर आहे, पण टॉवेल दोन लागतील.

पहिली वानगी नव्या गाडीची. गावातल्या आमच्या डॉक्टरांना नुकतीच नवी ॲम्बेसेडर मिळाली होती. अण्णांनी त्यांना गळ घातली. डॉक्टर भले माणूस; त्यांना फक्त एवढंच सांगितलं नव्हतं की गाडीत नेमकं काय तपासायचं आहे. आईला मागच्या बैठकीवर मधोमध बसवलं. मानाची जागा ती. आमच्याकडे घरच्या लक्ष्मीला मागेच बसवतात, पुढे ड्रायव्हरशेजारी बसतो तो नोकर नाहीतर पोरगं. मी एका बाजूला लिंबू घेऊन, अण्णा दुसऱ्या बाजूला, आणि आईच्या समोर डॉक्टरांची पाठ. कुंडलिकेचा पूल ओलांडला तोवर सगळं छान होतं. अण्णा गाडीची तारीफ करत होते, डॉक्टर खुशीत होते. मोतीबागेच्या वळणावर आईने माझं मनगट धरलं. तिने असं मनगट धरलं की काय होणार, ते मला माहीत होतं. मी ओरडले. डॉक्टरांनी गाडी थांबवली, पण जरा उशिराच. नवी कोरी खोळ होती. निळी.

डॉक्टरांनी त्यानंतर आम्हाला तपासणं सोडलं नाही, पण गाडी पुन्हा कधी दिली नाही.

दुसरी गाडी बघायला आमची अख्खी गल्ली आली होती. काय ती गाडी! एका घराच्या दारापाशी तिचं तोंड, तर दुसऱ्या घराच्या दारापाशी शेपूट. रंग पिस्त्यासारखा, कडेने चकचकीत पट्टी. कुणा जहागीरदाराच्या घरातली, जनान्यासाठी वापरलेली. म्हणून मागच्या खिडक्यांना जांभळे मखमली पडदे. राज्य गेलं, जहागिरी गेली, पेट्रोल महागलं, म्हणून ती विकायला निघाली होती. तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हरही आला होता, पांढऱ्या मिशांचा. आम्ही त्याला चाचा म्हणू लागलो. अण्णांनी गाडीभोवती फेरी मारली, आत हात घालून गादी दाबली आणि त्यांचा हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. लहानपणीचा तो धुरळा परत त्यांच्या डोळ्यांत गेला होता.

"पेट्रोल किती पिती?" त्यांनी विचारलं.

"मालक," दलाल म्हणाला, "हत्ती पाळणाऱ्यानं चाऱ्याचं इचारू न्हाई."

आईला मागे बसवलं, पडदे ओढले. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "बघ, पाळण्यात बसल्यावानी हाये. पोटातलं पाणी हलणार न्हाई." ती गाडी खरंच पाळण्यासारखी होती आणि तिथेच सगळं बिघडलं. खड्डा लागला की एसटी एकदाच आपटते आणि मोकळी होते. ही गाडी एका खड्ड्यानंतर दहा वेळा डुलत राहायची. त्यात पडदे ओढलेले, बाहेरचं काही दिसत नाही, आत अत्तराचा जुना वास. गाडी गल्लीतून बाहेर पडून मोंढ्याच्या फाटकाशी पोचली, आणि आईने मनगट धरलं. या वेळी टॉवेल तयार होता. पडदा बाजूला करून ती फाटकासमोर ओकली तेव्हा सगळे हमाल उभे राहून बघत होते.

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. आई मात्र कण्हत पडलेली असतानाही म्हणाली, "अवं, बैलगाडी सांगून ठिवा."  दोन्ही माल वानगीत बाद झाले होते आणि असं मोंढ्यात कधी झालं नव्हतं. मला वाटतं, त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. गाडीची नव्हे; आई या वेळीही पोचली नाही तर आयुष्यभर तिच्यासमोर जेवायला कसं बसायचं, याची.

दोन-तीन दिवसांनी ते दलालाकडे गेले आणि म्हणाले, एक डाव अजून बघू, या वेळी गावाबाहेर. उपाय त्यांना सुचला नव्हता, नुसतं मन निघत नव्हतं. या खेपेला आईनेच अट घातली. "मागं म्या बसणार न्हाई. आन पडदे तं बिलकुल न्हाई."

"मंग कुठं बसतीस?"

"पुढं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी आढ्याकडे बघितलं. मालकीण ड्रायव्हरच्या शेजारी बसणार, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. पण गाडी मोठी घेण्याचा एक फायदा असतो. पुढची बैठकही अशी सलग आणि रुंद होती की चाचा, त्याच्या शेजारी अण्णा आणि अण्णांच्या पलीकडे खिडकीशी आई, असे तिघं आरामात मावले. मान राहिला, आणि मला मागे एकटीला पाय पसरून बसता आलं.

अंबडच्या रस्त्याला लागलो. आई समोर बघत होती. मी टॉवेल तयार ठेवला होता. पण मनगट धरायला मी शेजारी नव्हते म्हणून की काय, तिने दुसरंच सुरू केलं.

"म्हस आली बघा. हळू घ्या."

चाचांनी घेतली.

"आता वळण हाये. आधीच दाबा, मंग वळवा. अस्सं. अवं, खड्डा! डावीकडून, डावीकडून घ्या."

चाचांनी जन्मभर बेगमांच्या गाड्या हाकलेल्या, पण पडद्यामागून. त्यांना कुणी असं शेजारून सांगितलं नव्हतं. अण्णा मध्ये बसून दोन्हीकडे बघत होते. थोड्या वेळाने चाचांच्या मिशा थरथरू लागल्या. एका कडुलिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावरून उचलले आणि म्हणाले, "अम्मा, इत्ता मालूम है तो तुमीच चलाव ना."

ते चिडून बोलले होते, हे मलाही कळलं. अण्णांनाही कळलं, ते मध्यस्थी करायला खाकरले. आईला बहुतेक कळलंच नाही, किंवा कळूनही तिने कळून घेतलं नाही. ती दार उघडून खाली उतरली, गाडीला पुढून वळसा घालून चाचांच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सरका."

आता इथे त्या गाडीची एक गोष्ट सांगायला हवी. तिला गिअर नव्हते. म्हणजे असतील, पण ते तिचे ती बदलायची. पायापाशी दोनच दांडे, एक चालायचा आणि एक थांबायचा. चाचांना वाटलं असणार की बाई बसेल, हसेल, उतरेल. त्यांनी नुसतं दाखवलं, हा दाबा की चालते, हा दाबा की थांबते. आईने चपला काढून मला मागे दिल्या, लुगड्याचा काष्टा आवळला आणि अनवाणी पायाने पहिला दांडा दाबला.

गाडी निघाली. अण्णांच्या तोंडून "अगं" एवढंच आलं.

माणूस चालतो तेवढ्या वेगाने ती चालली होती. पहिल्यांदा ती रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला गेली, मग परत आली, मग सरळ झाली. समोरून एक गाडीवान येत होता. त्याने आधी गाडी बघितली, मग आत कोण आहे ते बघितलं आणि बैल थेट शेतात घातले. आईने मान हलवून त्याला राम राम केला. ती लहानपणी बापाची बैलगाडी हाकायची, असं तिने मला त्याच दिवशी परत येताना सांगितलं. बैलगाडीत तिला का लागत नव्हतं, ते तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं तिला मानाने मागे बसवून ठेवलं होतं आणि मागे बसूनच ती ओकत होती.

मी तिच्या मानेकडे बघत होते. घाम होता, पण पिवळेपणा नव्हता. "आई, लागतंय का?" मी विचारलं.

"गप बस गं. मला काम हाये."

पुढचे काही दिवस अण्णा घरात भुतासारखे वावरले. आनंद व्हावा की लाज वाटावी, हे त्यांचं ठरत नव्हतं. बायको मोटार चालवते, असं जालन्यात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. निदान मोंढ्यात तरी नाही. त्यात नव्या गाडीचा नंबर खरोखरच लागला. आता उचलायची की सोडायची, हे तातडीने सांगायचं होतं. जुनीपेक्षा नवी बरी, हे कोणीही सांगितलं असतं. म्हणून आईने आधी नवीही चालवून बघावी, असं ठरलं. डॉक्टरांनी हात जोडले, तेव्हा एका कापूसवाल्या ओळखीच्यांची गाडी मिळाली. तिला तीन दांडे, शिवाय गिअर. एक पाय सोडताना दुसरा दाबायचा, त्यात हाताने गिअर टाकायचा. आईने ते केलं आणि गाडी बेडकासारख्या उड्या मारत बाभळीच्या कुंपणाला जाऊन टेकली. शिकली असती ती. पण लग्न महिन्यावर आलं होतं.

त्या रात्री अण्णा दिवा लावून अडतीच्या वह्या चाळत बसले. सकाळी अंघोळ करून, टोपी घालून बाहेर पडले आणि दुपारी येऊन म्हणाले, "नंबर सोडला. जुनीच घेतली."

त्या नंबरसाठी त्यांनी केवढी वाट बघितली होती, ते मला माहीत होतं. मोंढ्यात लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. "हातची नवी सोडून म्हातारी हत्तीण आणली व्हय?" असं तोंडावर विचारलं. अण्णा सगळ्यांना एकच सांगायचे, "मला मोठीच पाहिजे व्हती." खरं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला माझे वडील तोवर नुसते वडील म्हणून आवडायचे. त्या दिवशी माणूस म्हणून आवडले.

याचा अर्थ ते सुधारले होते असा मात्र नाही. त्यांनी फर्मान काढलं: गावातून जाताना गाडी चाचा चालवतील, आई मागे पडद्याआड बसेल. जकात नाका ओलांडला, माणसं संपली, की मग तिने पुढे यायचं. आणि माहेरच्या वेशीच्या अलीकडे परत मागे जायचं. "सासऱ्याच्या गावात माझी अब्रू ठिव," ते म्हणाले. आईने कबूल केलं. तिला पोचायचं होतं, भांडायचं नव्हतं. शिकाऊ परवाना काढायला औरंगाबादला जाऊन आलो, तेव्हाही अण्णा साहेबाला सांगत होते की घरात असलेला बरा, कधी कामाला येतो. जसं काही टॉर्चबद्दल बोलत होते.

रोज पहाटे अंबड रोडला शिकवणी चाले. चाचा आता रागावत नसत. "अम्मा, हौले हौले," म्हणत शेजारी बसत, आणि समोरून कुणी ओळखीचं आलं की अण्णा मागचा पडदा ओढून स्वतःच आत लपत.

लग्नाच्या आदल्या दिवशी निघालो. नाक्यापर्यंत आई पडद्याआड, नाक दाबून. नाका गेला तशी ती उतरून पुढे आली. मी मध्ये, चाचा खिडकीशी, अण्णा मागे एकटे, लग्नाच्या आहेराच्या गाठोड्यांसोबत. अंबड मागे पडलं. ज्या स्टँडवर ती आडवी पडली होती, त्याच्या समोरून गाडी गेली. आईने तिकडे बघितलं नाही, समोर एक सायकलवाला होता. घनसावंगी गेलं, जांब गेलं. पुढचा रस्ता दुष्काळाच्या कामावर खडी फोडून केलेला, आणि तेव्हापासून कुणी त्याच्याकडे ढुंकून बघितलेलं नव्हतं. गाडी डुलायला लागली. आई मात्र टक लावून एकेक दगड चुकवत होती.

गावाचा लिंब दिसू लागला, तसे अण्णा मागून म्हणाले, "थांबव आता. मागं ये."

तिने थांबवली. ती मागे जाऊन बसली, चाचा चाकापाशी गेले, पडदे ओढले गेले. मीही टॉवेल घेऊन मागे गेले. वेस समोर दिसत होती, पण मध्ये एक ओढा होता आणि त्याचे दोन्ही उतार वाईट होते. पहिल्या उतारावरच आईने माझं मनगट धरलं. इतकं सगळं करून शेवटी तेच. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर अण्णांचा असा राग आला की बोलायची सोय नाही.

मला काही बोलावं लागलं नाही. अण्णा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. "थांबवा वो चाचा," ते ओरडले. मग आईला म्हणाले, "जा. जा पुढं." आई उठेना. तिला वाटलं ते रागावले. "अगं जा म्हन्तो ना. तुझं गाव हाये. म्या बसतो हितं."

आणि ते बसले. आई पुढे, चाचा तिच्या शेजारी, मी खिडकीशी, आणि मागे मखमली पडद्याआड आमचे अण्णा.

अण्णांनी आधीच हौसेने निरोप धाडला होता की मंडळी पडद्याच्या गाडीतून येत आहेत. त्यामुळे वेशीत सगळा बायकांचा घोळका मागच्या दारालाच जाऊन भिडला. पुढे कोण आहे, ते कुणी बघितलंच नाही. चुलत मावशीच्या हातात भाकरीचा तुकडा, थोरल्या मामीच्या हातात पाण्याचा तांब्या. लेक माहेरी आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि पायांवर पाणी घालायचं. मावशीचे डोळे भरून आले होते, तिला धड दिसत नव्हतं. तिने दार उघडलं, तुकडा ओवाळला, बाजूला टाकला. मामीने वाकून पाणी ओतलं. ते अण्णांच्या नव्या पंपशूंवर पडलं.

 मग जो हशा उठला तो मांडवातल्या वाजंत्र्यांनीही वाजवणं थांबवून ऐकला. अण्णा ओल्या पंपशूंनिशी खाली उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "काय हाय, मलाबी लई दिवसांनी माहेरी आल्यावानी वाटून राह्यलं."

या गडबडीत आईचे वडील, आबा, गाडीच्या पुढच्या बाजूने आले. त्यांना मोतीबिंदू झाला होता. एक हात गाडीवर ठेवून चाचपडत ते ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आले. त्यांना वाटलं, ड्रायव्हरच बसलाय.

"डायवर, गाडी त्या लिंबाखाली लावा," ते म्हणाले. "आन आमची बाई कुठं हाये? मागं आडवी पडलीय का?"

 आईचे हात चाकावरच होते. आबांनी खिडकीतून हात आत घातला तो तिच्या बांगड्यांना लागला. त्या त्यांनी चाचपून बघितल्या, मग मनगट, मग तिचा चेहरा. कपाळ गार आहे का, घामेजलं आहे का, ते पालथ्या हाताने बघितलं, लहान पोराचा ताप बघतात तसं.

"तूच?"

"म्याच आबा. म्याच आणली."

"काई झालं न्हाई तुला?"

"न्हाई," आई म्हणाली. "भूक लागलीय. जेवायला काय केलंय?"

आबांनी हात बाहेर काढला. मग मांडवाकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने ओरडले की आत हळद दळणाऱ्या बाया बाहेर आल्या. "अरे पान वाढा! माझी लेक भुकेली आलीय!"

आई खाली उतरली नाही. आधी तिने गाडी लिंबाखाली नेऊन लावली, मग उतरली आणि हात धुऊन थेट पंगतीत जाऊन बसली.